३० सप्टेंबरचा पट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘शाळेच्या आठवणी’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझ्या आधी चौघं बोलले आणि चिंचेचं झाड, सुकडी, गुरुजींची छडी, पावसात गळणारी तिसरीची खोली, सगळं सांगून झालं. त्यामुळे माझ्याकडे आठवण म्हणून फारसं काही उरलेलं नाही. मी हिशेब घेऊन आले आहे. सवयीचा भाग आहे, वीस-बावीस वर्षं संगणकात दुसऱ्यांची माहिती भरण्याची आणि मोजण्याची नोकरी करते. गुरुजी, दहा मिनिटांपेक्षा थोडं जास्त बोलले तर छडी तुमच्याच हातात आहे.

सुरुवात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून झाली. गेल्या वर्षी कुणीतरी लिहिलं, ‘आपल्या वेळी शाळा काय होती, आणि आता बघा, पाचवीच्या पोराला धड वाचता येत नाही.’ त्याखाली पन्नास अंगठे पडले. एक माझाही होता. मग मला वाटलं, आपण अंगठा दिला खरा, पण आपल्याला माहीत काय आहे? आपल्या वेळची शाळा चांगली होती, हे आपण कशावरून म्हणतो? म्हणून गेल्या मे महिन्यात सुट्टीला आले तेव्हा मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, जुनं जनरल रजिस्टर बघायला मिळेल का. त्यांनी कपाट उघडून दिलं आणि सांगितलं, शाळेतच बसून बघा, फोटो काढायचा नाही. ते बरोबरच होतं. मी चार दिवस तिसरीच्या खोलीत बसून मोजलं. नावं उतरवली नाहीत, फक्त रेघा मारल्या, आपण लगोरीचे गुण मोजायला मारायचो तशा.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ते रजिस्टर शाळा सोडल्याचा दाखला काढताना लांबून पाहिलं असेल. एका आडव्या ओळीत एक मूल. नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कोणत्या इयत्तेत दाखल, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. सगळ्यांची वर्तणूक ‘चांगली’ आहे. ज्यांनी हेडमास्तरांच्या सायकलची हवा सोडली त्यांचीसुद्धा.

पहिली गंमत जन्मतारखेच्या रकान्यात सापडली. १९८६ च्या जूनमध्ये आपल्या पहिलीत ४७ नावं दाखल झाली, त्यातल्या ३१ जणांचा जन्म १ जूनचा. माझाही. माझ्या ऑफिसात नवीन आलेल्या एका पोराने एकदा तक्रार केली होती, की ग्राहकांच्या यादीत १ जूनला इतके वाढदिवस येतात म्हणजे प्रोग्राममध्ये चूक असणार. त्याला म्हटलं, प्रोग्रामात चूक नाही, तू गावात शिकला नाहीस. पोर नाव घालायला आणलं, आईला ‘बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी, मोठा पाऊस झाला तेव्हा’ एवढंच ठाऊक, मग गुरुजींनी डोक्यावरून हात फिरवून डावा कान धरता येतो का ते बघितलं आणि सहा वर्षं पूर्ण होतील अशी तारीख घातली. गुरुजी हसताहेत, म्हणजे खरं आहे.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. पहिलीत ४७ होतो. १९९३ ला सातवी पास होऊन दाखला घेतलेले त्या ४७ पैकी २२. उरलेले २५ कुठे गेले, ते कारणाच्या रकान्यात आहे. नऊ जण दाखला घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत गेले. सोळा जणांसमोर एकच शेरा आहे, निळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरांत: ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ त्या सोळांत अकरा मुली.

आज आपण इथे ‘आपला वर्ग’ म्हणून जमलो आहोत. मी मघाशी मोजलं, आपल्या वर्षाचे एकोणीस जण आलेत. त्या एकोणीसमध्ये अठरा जण त्या २२ मधले आहेत. म्हणजे ‘आपल्या वेळी सगळ्यांना वाचता यायचं’ हे आपण म्हणतो तेव्हा सगळे म्हणजे कोण? जे टिकले ते. जे टिकले नाहीत त्यांना आपण मोजतच नाही. पास झालेल्यांना पास झाल्याचं विचारून शाळेचा निकाल काढला तर तो शंभर टक्केच लागणार.

अठरा झाले, एकोणिसावी कोण? ती त्या सोळांमधली आहे. पुढच्या रांगेत नाही, मागे खांबापाशी बसली आहे. मी तिचं नाव घेणार नाही असं तिला सांगितलंय. बाकीचं सांगायला तिने परवानगी दिली आहे. ‘सांग की, चोरी थोडीच केली,’ असं म्हणाली.

पहिली ते चौथी ती माझ्या शेजारी बसायची. एकाच गोणपाटावर. पाढे तिला माझ्याआधी यायचे. मला सतरा आणि एकोणीसच्या पाढ्यात अजून थांबावं लागतं, ती तेव्हाही थांबत नसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की माझ्या शेजारची जागा रिकामी. दसऱ्याच्या आधी मुकादमाची उचल घेतलेली असायची, दिवाळी झाली की ट्रक लागायचे, आणि ती आईवडिलांबरोबर कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायची, पायाला उसाच्या पाचटाच्या चिरा पडलेल्या. आम्ही तोवर भागाकार संपवून अपूर्णांकांवर गेलेलो. ती वहीत माझं बघून लिहायची. मला त्याचा राग यायचा, हेही सांगितलं पाहिजे. चौथीच्या परीक्षेला ती गावातच नव्हती. पुढच्या वर्षी ती परत चौथीत बसली आणि मी पाचवीत. तिच्या पुढच्या दिवाळीनंतर ती आलीच नाही. धाकटा भाऊ झाला होता, त्याला खोपीवर सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

मला चारही वर्षं पहिला नंबर मिळाला. त्याबद्दल गुरुजींनी दिलेली कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे. माझे वडील सरकारी नोकरीत होते, आई सातवी शिकलेली होती, संध्याकाळी कंदिलापुढे ती मला शुद्धलेखन घालायची. घरी पेपर यायचा. पावसाळा असो, उन्हाळा असो, मी बारा महिने याच गावात. गेल्या मेमध्ये खोलीत बसून तो शेरा वाचला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की वर्गातली अर्धी मुलं पाच महिने गावाबाहेर असताना मिळालेला तो पहिला नंबर होता. संध्याकाळी तिच्या घरी गेले, हे बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘आगं, मी उसाला गेले म्हणून तुझा नंबर आला, हे मला तवाच ठावं होतं. तुला आत्ता कळलं व्हय?’

तुम्ही हसलात. मीही हसले होते.

आता आजच्या शाळेकडे येते. बाहेर आपला समज असा की ही शाळा घसरली. मी आधी एक हिशेब सांगते. हे आकडे आपल्या शाळेचे नाहीत, समजावण्यासाठी घेतलेले आहेत. (इथे फळ्यावर आकडेमोड लिहून दाखवली होती.) समजा, पूर्वी एका वर्गात ४० मुलं होती. ३० मुलं बारमाही गावात राहणाऱ्या, घरी थोडं शिक्षण असलेल्या कुटुंबांतली, त्यांना सरासरी ७० गुण. १० मुलं ऊसतोडीला जाणाऱ्यांची, त्यांना सरासरी ४०. एकूण गुण २,१०० अधिक ४००, म्हणजे २,५००. भागिले ४०. वर्गाची सरासरी साडेबासष्ट.

आता त्याच शाळेत वर्ग २० चा आहे. बारमाही घरांतली फक्त ४ मुलं उरली, त्यांना सरासरी ७५. ऊसतोडीच्या घरांतली १६, त्यांना सरासरी ५०. ३०० अधिक ८००, ११०० भागिले २०. सरासरी ५५.

बघा, पहिल्या गटातल्या मुलांची सरासरी ७० वरून ७५ झाली. दुसऱ्या गटातल्यांची ४० वरून ५० झाली. प्रत्येक गट वर गेला आणि वर्गाची सरासरी साडेसात गुणांनी खाली आली. शिक्षक वाईट झाले नाहीत. शाळेत कोण बसतं ते बदललं. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, आणि आमच्या क्षेत्रात मोठमोठी माणसं यात रोज फसतात. मीही फसले आहे, पगार घेऊन.

आणि ‘कोण बसतं’ हे कुणी बदललं? सकाळी सातला पिवळी गाडी येते, तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची. त्या गाडीत माझ्या भावाची दोन मुलं बसतात. तुमच्यातल्या कितीजणांची, पुतण्या-भाच्यांची बसतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मुलीने तर ही शाळा आज पहिल्यांदा पाहिली. यात गुन्हा कुणाचा नाही, आईबाप आपल्या लेकराचं बघणारच. फक्त आपणच आपली पोरं काढून नेली आणि मग म्हणालो की सरासरी घसरली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कंपनीने मला काही वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं. भाड्याने घर शोधताना तिथले सहकारी म्हणाले, आधी जवळच्या सरकारी शाळेचा गुणांक बघ. घरांच्या जाहिरातीतच असतो, दहापैकी अमुक. मी यादी केली तर गुणांक जसा वाढतो तसं भाडं वाढतं. तिथे प्रत्येक शाळेत किती मुलं फुकट किंवा सवलतीचं जेवण घेतात हे जाहीर असतं, कारण ते कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं. तो आकडा आणि गुणांक शेजारी ठेवले की साधारण एक वर, तर दुसरा खाली. १९६६ मध्ये तिथे जेम्स कोलमन यांच्या पुढाकाराने एक मोठा सरकारी अहवाल झाला होता. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला दिसतो, असं त्यात निघालं आणि मोठा वाद झाला.

मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते अलीकडचं काम. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या सुमारे ११,००० शालेय जिल्ह्यांतल्या तिसरी ते आठवीच्या चाचण्यांचे निकाल एकत्र लावले. त्यांनी नुसती सरासरी पाहिली नाही. तिसरीत मुलं कुठे होती आणि आठवीत कुठे पोचली, म्हणजे शाळेत असताना किती वाढली, हे पाहिलं. सरासरी श्रीमंतीच्या मागे जाते, पण वाढ तितकी जात नाही. शिकागो शहरातल्या सरकारी शाळांत गरीब घरांतली मुलं खूप. तिसरीत ती देशाच्या सरासरीच्या मागे होती. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती सहा वर्षांइतकं शिकली. नुसता गुणांक बघून घर घेणाऱ्याला हे कधी दिसणार नाही. मलाही दिसलं नव्हतं, मी आठ गुणांकाच्या शाळेजवळ घर घेतलं.

तेव्हा प्रश्न असा पडला की आपल्या शाळेत वाढ किती होते? ते कोणत्या कागदावर दिसतं?

सरकारी कागदावर नाही. आपल्या राज्यात शाळेचा पट ३० सप्टेंबरचा धरतात. त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. त्या दिवशी गावातलं प्रत्येक मूल इथे हजर असतं. सोयाबीन काढायचं असतं, दसरा-दिवाळी यायची असते, ट्रक अजून लागलेले नसतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून, ते गुरुजींना आठवत असेल. तीही ट्रक लागण्याच्या आधीची. मग दिवाळी होते, आणि अर्धी शाळा रिकामी. आता मोठ्या चाचण्या कधी होतात बघा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये १३ नोव्हेंबरला झालं, २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला. परख सर्वेक्षण २०२४ मध्ये ४ डिसेंबरला झालं. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे आपल्या शाळेची जी मुलं मोजली जातात ती सप्टेंबरात, आणि ज्यांची परीक्षा होते ती डिसेंबरात. ही दोन वेगळी गर्दी आहे. कागदावर मात्र एकच शाळा. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं, वरचा आकडा एका तारखेचा आणि खालचा दुसऱ्या तारखेचा, तर मी ते काम परत पाठवलं असतं.

‘असर’चा अहवाल त्या मानाने बरा, कारण ‘प्रथम’ची माणसं शाळेत न जाता ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतात. २००५ पासून देतात. देशात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, तर २०१८ मध्ये २७.३ टक्के, कोरोनानंतर २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१. शाळा बंद राहिल्या तर मुलं किती मागे जातात आणि उघडल्या की किती भरून काढतात, हे त्या तीन आकड्यांत आहे. आपल्या गावातल्या अर्ध्या मुलांसाठी शाळा दरवर्षी पाच महिने बंद असते. कोरोना त्यांना नवीन नव्हता.

मग मी तिसरीच्या बाईंची वही पाहिली. ही वही त्यांना कुणी ठेवायला सांगितलेली नाही. जूनमध्ये प्रत्येक मुलाला जवळ बसवून त्या वाचायला लावतात: अक्षर येतं का, शब्द येतो का, परिच्छेद येतो का, गोष्ट येते का. मुलाच्या नावापुढे खूण. दिवाळीच्या आधी परत. एप्रिलमध्ये परत. मी त्या वहीतली दोन वर्षं पाहिली. जून ते दिवाळी बारमाही मुलं आणि ऊसतोडीची मुलं जवळजवळ सारख्या वेगाने चढतात. एक पायरी, काहींच्या दोन. म्हणजे या तीन खोल्यांत जे शिकवलं जातं ते चांगलं शिकवलं जातं, आणि सगळ्यांना लागू पडतं. दिवाळीनंतर रेषा फुटतात. गावात राहिलेली मुलं चढत राहतात. जी जातात त्यांच्यातली काही, दिवाळीला शब्द वाचत होती, ती एप्रिलमध्ये परत अक्षरावर अडकलेली. आणि तिसरा एक छोटा गट आहे. आईबाप गेले, पण मूल आजी-आजोबांकडे मागे राहिलं. त्यांची रेषा बारमाही मुलांसारखीच वर जाते. आईबाप तेच, घर तेच, भाकरी तीच. फरक फक्त मूल गावात असण्याचा.

मुलं थोडी आहेत, एका शाळेची गोष्ट आहे, यावरून मी कायदा मांडणार नाही. कदाचित ज्या घरी आजी धट्टीकट्टी आहे तीच घरं थोडी बरी असतील, असंही कुणी म्हणेल. हा आक्षेप योग्य आहे, मीही तो घेतला असता. पण दोन वर्षं, सगळ्या इयत्तांत, तेच दिसतंय.

मघाशी जिच्याबद्दल बोलले तिची नात त्या तिसऱ्या गटात आहे. तिसरीत आहे. पोरीचे आईबाप गेल्या आठवड्यात कर्नाटकातल्या कारखान्यावर गेले. आजी, म्हणजे माझी मैत्रीण, आपल्याच वयाची, पंचेचाळिशीची, तोडीला जाऊ शकणारी बाई आहे. नवराबायको मिळून एक कोयता असतो हे तुम्हाला सांगायला नको. ती मागे राहिली म्हणजे तिच्या घरचा अर्धा कोयता बुडाला. उचल त्या हिशेबाने कमी मिळाली. नातीच्या एका वर्षाच्या शाळेची किंमत तिने अशी मोजली आहे, रोख. आणि तिच्या वस्तीवर अशी आजी प्रत्येक घरात नाही.

यासाठीच हंगामी वसतिगृह असतं. आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहतं, कुणा नातेवाइकाकडे झोपतं, शाळेत दोन वेळचं जास्तीचं जेवण मिळतं, संध्याकाळी अभ्यास होतो. शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचं, सरकारने अनुदान द्यायचं. आपल्या शाळेत दोन वर्षं चाललं. गेल्या वर्षी अनुदान हंगाम संपल्यावर आलं, किराणा दुकानदाराची उधारी बाईंनी पदरची भरली, आणि यंदा समिती म्हणते, आता धीर होत नाही. कागद कुठे अडला ते शोधणं अध्यक्षसाहेबांचं काम आहे, ते करताहेत. पण ट्रक कागदासाठी थांबत नाहीत. निम्मे लागलेसुद्धा.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. शाळा आता पाचवीपर्यंतच आहे. यंदाचा पट ६४. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत ३. म्हणजे चार-पाच मुलं कमी झाली, की तीन खोल्यांतली एक बाई जाईल. कोणती जाईल हे ठरवणं आपल्या हातात नसतं. ती वहीवाली गेली तर वहीही गेली.

आता कमानीकडे येते. आपल्या बॅचने शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायची ठरवली आहे. वर सरस्वती, खाली ‘माजी विद्यार्थी’ आणि आपली सगळ्यांची नावं संगमरवरात. जमलेत ३,६०,००० रुपये, गवंड्याने अंदाज दिलाय ३,२५,०००. कमानीला माझा विरोध नाही, असं मी म्हणणार होते. पण गुरुजी समोर आहेत, खोटं बोलवत नाही. आहे, थोडा विरोध आहे. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा दोघांनी मला उत्तर दिलं की पैसा दिला तर दिसला पाहिजे, जेवण दुसऱ्या दिवशी दिसत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आणखी एकाने लिहिलं, शहरात राहून सल्ले देणं सोपं असतं. त्यातही तथ्य आहे.

मी फक्त हिशेब मांडते, तो पटला तर बघा. मागे ठेवता येतील अशी मुलं समितीने मोजली आहेत, २३. मार्चअखेरपर्यंत १५० दिवस धरू. दुपारचं जेवण शाळेत मिळतंच. सकाळ-संध्याकाळचं आणि रविवारचं मिळून एका मुलाला रोजचे ७० रुपये. २,४१,५०० झाले. स्वयंपाकाला वस्तीवरच्या दोघी, महिना पाच-पाच हजार, पाच महिने, ५०,०००. एकूण २,९१,५००. सरकारी अनुदान मधेच आलं तर तेवढे पैसे परत कमानीकडे वळवता येतील. दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वर्षी करता येत नाहीत, एवढंच.

माझा यात स्वार्थ आहे का, असंही एकाने विचारलं. आहे. त्या सोळा ओळी वाचल्यापासून रात्री नीट झोप लागत नाही, त्यावर स्वस्त औषध शोधते आहे.

समितीची बैठक आज जेवणानंतर चौथीच्या खोलीत आहे. शेवटचे ट्रक सोमवारी पहाटे लागणार आहेत, त्यामुळे मुलं ठेवायची की न्यायची हे घरोघरी उद्या संध्याकाळपर्यंत ठरेल. ज्यांना कमान हवी त्यांनीही यावं, भांडायला माणसं लागतातच. तिसरीच्या बाईंनी वही आणून ठेवली आहे. नावांवर कागद लावलाय, खुणा बघता येतील.

आणि खांबापाशी बसलेल्या बाईला सतराचा पाढा विचारून बघा. मी मघाशी विचारला. कारखान्यावर मोळ्यांचा हिशेब इतकी वर्षं तीच ठेवत आली आहे, मुकादमाला एकही मोळी मारता आलेली नाही.